घरच्या संगणकासाठी माझं मत डेबियनला

विंडोज १० चा पाठिंबा संपला, तुमचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, मग लिनक्सच्या डिस्ट्रोंपैकी (म्हणजे लिनक्सवर बांधलेल्या तयार ऑपरेटिंग सिस्टिमपैकी) उबुंटू, मिंट, फेडोरा की आर्च, असं तुम्ही विचारलंय. माझी आवडती तुमच्या यादीत नाहीच. डेबियनची स्टेबल, म्हणजे स्थिर आवृत्ती, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह.

बाबांच्या डेस्कटॉपवर दादाने हौसेने एक रोलिंग रिलीज, म्हणजे सतत नव्या आवृत्त्या येत राहणारी, डिस्ट्रो बसवून दिली होती. नाव घेत नाही. सगळं नवंकोरं, रोज अपडेट. एका सकाळी बाबा लिहायला बसले तर सुरुवातीच्या हिरव्या ‘ओके’च्या ओळी सरसर वर गेल्या आणि मग काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. बस्स. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नवा आला होता आणि जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नव्हता. दादाला फोन लावला तर म्हणाला, “अपडेटच्या आधी सूचना वाचायच्या असतात.” सत्तरी ओलांडलेल्या माणसाने लिखाण सोडून कर्नलच्या सूचना वाचायच्या? याचा मला आजही राग येतो.

कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून मजकुराच्या पडद्यावर लॉगिन केलं, बाबांचं सगळं लिखाण बाहेरच्या डिस्कवर उतरवलं आणि डेबियन टाकलं, होम विभाजन, म्हणजे फायलींसाठीचा डिस्कचा भाग, वेगळं ठेवून. त्या कार्डाला नूवो हा मुक्त ड्रायव्हर पुरला. मराठी टंकायला आयबस आणि एम१७एन ही सॉफ्टवेअर बसवली, इनस्क्रिप्ट कळफलक लावला. तेव्हापासून बाबांचा तक्रारीचा फोन आलेला नाही.

दादा अजून म्हणतो, डेबियनमधली पॅकेजेस शिळी असतात. असू देत. स्टेबल साधारण दोन वर्षांनी येते, मधल्या काळात आवृत्त्या बहुतेक तशाच राहतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच जुन्या आवृत्तीत मागे आणून बसवल्या जातात. एलटीएस, म्हणजे वाढीव पाठिंबा, धरून पाच वर्षं निघतात. ब्राउझर हा अपवाद, फायरफॉक्सची ईएसआर, म्हणजे दीर्घ पाठिंब्याची, आवृत्ती वेळोवेळी पुढे सरकते. एखादं सॉफ्टवेअर ताजंच हवं असेल तर फ्लॅटपॅक आहे की, डिस्ट्रोपासून स्वतंत्रपणे अ‍ॅप बसवायची सोय! १९९३ पासून स्वयंसेवक हा प्रकल्प चालवतायत आणि उबुंटू त्याच्याच पायावर उभं आहे. ज्या यंत्रावर घरचे लोक काम करतात, तिथे प्रयोग करू नयेत. हौस असेल त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर करावी.

आता तुमच्याबद्दल. लिनक्स पहिल्यांदाच वापरणार असाल तर मिंट घ्या, त्यातलं टाइमशिफ्ट बिघाड झाला तर सिस्टिम आधीच्या स्थितीत परत नेतं. लॅपटॉप अगदी नवा असता तर मीही फेडोरा सुचवलं असतं, कारण नव्या हार्डवेअरला नवा कर्नल लागतो आणि तिथे डेबियन मागे पडतं. यंत्र ३२ बिटचं असेल तर डेबियन १३ चा इन्स्टॉलर तुमच्या उपयोगाचा नाही. वायफायची पूर्वीची रडकथा मात्र डेबियन १२ पासून बरीच संपली, वायफाय कार्डाला लागणारं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं.

काहीही निवडलंत तरी आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर न बसवता, चालवून बघा. वायफाय, आवाज, आणि विशेषतः झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, ते.