माळ घातली, मासे सुटले आणि मन उदास झालं?

“मॅडम, माळ उतरवावी लागेल का?” बसल्या बसल्या त्यांनी विचारलं.

वय ४८, मूळचे रत्नागिरीकडचे, सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला गेले आणि तुळशीची माळ घालून आले. आता झोप नाही, कामात लक्ष नाही. थोरल्या बहिणीनं फोनवर ठणकावलं होतं, “मासे खाणाऱ्यांना डिप्रेशन येत नाही. तू सोडलेस, म्हणून हे झालं.”

बहिणीचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं. बांगडा, तारली अशा तेलकट माशांत ओमेगा-३ नावाचं स्निग्धाम्ल भरपूर असतं आणि मेंदूला ते लागतं. २०१६ मध्ये २६ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा जास्त मासे खाणाऱ्यांत नैराश्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी कमी दिसला. धोका कमी, म्हणजे नैराश्य येतच नाही असं नव्हे. शिवाय ज्याचं मन आधीच खचलंय, तो बाजारात जाऊन बांगडे निवडत बसत नाही. अशा आकड्यांत आधी काय आणि मग काय, ते नेहमी कळतंच असं नाही. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या, तेव्हा नैराश्य नसलेल्या १८ हजारांहून जास्त लोकांवर पाचेक वर्षं चाचणी झाली. निम्म्यांना ओमेगा-३च्या कॅप्सूल, निम्म्यांना नुसत्याच दिसायला तशा. २०२१ मध्ये निकाल आला : कॅप्सूलनं नैराश्य टळलं नाही.

मग मी दिनदर्शिका पुढे ठेवली. “मासे शेवटचे कधी खाल्लेत?”

ते बराच वेळ गप्प राहिले. दसऱ्याच्या आधी आई गेली होती. दर रविवारी बांगड्याचं तिखलं तीच करायची. बायको नाशिकची, तिचा त्यात हात बसलेला नव्हता. सुतक फिटलं, तरी घरात मासळी आली नाही. पहाटे तीनला जाग येणं कार्तिकातच सुरू झालं होतं. माळ त्यानंतर दोन महिन्यांनी.

“म्हणजे माळेमुळे नाही?”

“नाही. ती राहू द्या.”

जगणं नको वाटतं का, हेही स्पष्ट विचारलं. तसं नव्हतं, तरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी औषध सुरू केलं आणि रक्त तपासलं. बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं, त्याची इंजेक्शनं लागली. मासे आणि अंडी सोडणाऱ्या प्रत्येकाला मी ही तपासणी आवर्जून सांगते. जवसाची चटणी, अक्रोड खावेत, पण त्यातलं ओमेगा-३ माशांतल्यासारखं नसतं. शरीर त्याचा फार थोडा भाग तसा बदलून घेतं.

तिसऱ्या भेटीत ते तिखल्याबद्दलच बोलले. तिरफळं किती, कोकमाचं आगळ कधी घालायचं, आई झाकण काढू देत नसे. बोलता बोलता रडले, आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

औषध अजून चालू आहे. जाग आता पाचला येते.