सुलिस देवीपुढचं गाऱ्हाणं

प्रिय मनू,

काल फोनवर तू विचारलंस, शेजारच्या काकींची पाटली हरवली तर गुरवकाकांनी ग्रामदेवी सातेरीच्या देवळात सगळ्यांदेखत एवढ्या मोठ्याने गाऱ्हाणं का घातलं? देवीला असल्या बारीकसारीक गोष्टी सांगायच्या असतात का? आणि ‘चोराक सुखान झोप लागू देव नको’ असं मागणं बरं आहे का? रेंज गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितोय.

इंग्लंडमधल्या आपल्या ब्रिस्टलहून तुमची सहल जवळच्या बाथ शहराला गेली होती, आठवतंय? तिथल्या संग्रहालयात काचेमागे शिशाचे काळपट, चुरगळलेले पत्रे होते. तुम्ही बहुतेक त्यांच्यासमोरून घाईने गेला असाल. ती सगळी गाऱ्हाणीच आहेत. तिथल्या गरम झऱ्याची देवता सुलिस. लोक शिशाच्या पत्र्यावर टोकदार लेखणीने आपलं म्हणणं कोरायचे, पत्रा गुंडाळायचे आणि झऱ्यात टाकायचे. १९७९-८० साली पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ यांनी झऱ्यात उत्खनन केलं. असे सगळे मिळून सुमारे १३० पत्रे सापडलेत, आणि जुन्या लेखांचे अभ्यासक रॉजर टॉमलिन यांनी त्यातला बराचसा मजकूर लावून दाखवला. बहुतेक इसवी सनाच्या दुसऱ्या ते चौथ्या शतकातले आहेत.

त्यातला डोसिमेडिस नावाचा माणूस सांगतो, की माझे दोन हातमोजे गेले. ते ज्याने नेले त्याची मती जावो, डोळे जावोत, आणि तेही देवळातच. डोसिलियानसचा टोपीवाला झगा गेलाय. बॅसिलियाची चांदीची अंगठी गेलीय, आणि जो ठाऊक असूनही गप्प बसेल त्यालाही ती सोडत नाही. कुणाची सहा चांदीची नाणी, कुणाचा नांगराचा फाळ. राजेरजवाड्यांचं यात काहीच नाही. रोमन साम्राज्याच्या या टोकाला, इंग्लंडच्या थंडीत, एकुलता एक झगा गेलेल्या माणसांचं हे बोलणं आहे. झऱ्याच्या गरम पाण्यात स्नानाला जाताना कपडे बाहेर काढून ठेवावे लागत आणि तिथून ते जात. रोमन कायद्यात चोरी ही खासगी बाब होती. चोर तुम्हीच शोधायचा, दावा तुम्हीच लावायचा. चोर कोण हेच माहीत नाही, तर दाद कुणाकडे मागणार? म्हणून देवीकडे.

ती मागायची रीत बघ. सोलिनस लिहितो, माझा स्नानाचा अंगरखा आणि झगा मी तुला अर्पण करतो. चोरीला गेलेली वस्तूच देवीला दिली! आता चोर सोलिनसचा राहिला नाही, देवीचा झाला. ‘पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र’ असं हे लोक वकिलासारखं लिहितात, म्हणजे कुणी निसटायला नको. जवळजवळ प्रत्येक पत्र्यावरचं अक्षर वेगळं आहे, म्हणजे बरेच जण स्वतःच लिहीत असावेत. काही पत्र्यांवर तर नुसत्या अक्षरांसारख्या दिसणाऱ्या रेघोट्या आहेत. लिहिता न येणाऱ्यालाही आपलं म्हणणं आपल्याच हाताने द्यायचं होतं. मला सगळ्या संग्रहालयात त्या रेघोट्यांइतकं काही आवडलं नाही.

सुलिस मूळची तिथल्या केल्टिक लोकांची. रोमन आले, त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडलं, देऊळ बांधलं, आणि ती सुलिस मिनर्व्हा झाली. जुनं नाव मात्र पुसलं नाही, उलट पुढे राहिलं. आपली सातेरीही मुळात वारूळच. पुढे तिला दुर्गा म्हणू लागले, महिषासुरमर्दिनीची मूर्ती आली, पण वारूळ कुणी हलवलं नाही. आजीला विचार, ती दाखवील.

आता तुझा खरा प्रश्न. हातमोज्यांसाठी कुणाचे डोळे मागणं मला पटत नाही, दीड हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाने मागितले असले तरी. पण सोलिनसचं नीट वाचलं तर कळतं, की त्याने अट घातलीय. वस्तू देवळात आणून देईपर्यंत चोराला झोप नको. आणून दिली की मिटलं. काकींच्या गाऱ्हाण्यातही हेच होतं. त्यांना पाटली हवी आहे, कुणाचं वाईट व्हायला नकोय.

आणि मोठ्याने का, तर गावातलं माणूस गावातच असतं. पाटली ज्याच्याकडे आहे तो, किंवा त्याची आई, त्या गर्दीत उभी असू शकते. गाऱ्हाण्याला सगळ्यांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना तिचा आवाज अडखळला तरी पुरे. रात्री कुणी देवळाच्या पायरीवर पाटली ठेवून गेलं, तर ‘कोणी ठेवली’ हे विचारायचं नाही, अशी माझ्या आजीची ताकीद असे. बाथचा पत्रा गुंडाळून पाण्यात जायचा, पुन्हा कुणाच्या नजरेस पडायचा नाही. त्यापेक्षा आपली रीत मला जास्त मोकळी वाटते.

शिवाय आपलं गाऱ्हाणं एका चोरीवर संपत नाही. गुरवकाका शेवटी काय म्हणाले ते ऐकलंस ना? गुरावासरांना सांभाळ, मुंबईला गेलेल्यांना सांभाळ, परदेशात आहेत त्यांना सांभाळ, चुकलंमाकलं पदरात घे. मी नववीत असताना वडील मुंबईला गिरणीत होते, आणि त्या ओळीला आई हात जोडायची ते मी पाहिलंय. आता त्या ओळीत मी आहे.

तेव्हा देवीला लहान गोष्ट सांगायला लाजू नकोस. उद्या आजीबरोबर देवळात जा, नारळ ने, आणि काकींची पाटली मिळू दे एवढंच सांग. चोराबद्दल काही मागू नकोस.

तुझा,
बाबा