कोडिंग येत नसेल तर लिनक्स डेस्कटॉपच्या प्रोजेक्टला खरंच काही मदत करता येते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: कोड लिहिता येत नाही तरी हातभार लावता येईल का, आणि एक्स११ (लिनक्समध्ये खिडक्या स्क्रीनवर दाखवणारी जुनी व्यवस्था) खरंच बंद होतंय का, म्हणजे आत्ताच तिच्या जागी आलेल्या वेलँडवर जावं का.

दुसरं आधी उरकतो. हो, बंद होतंय. ग्नोम आणि केडीई हे लिनक्स डेस्कटॉपचे दोन मोठे प्रोजेक्ट. ग्नोमने सप्टेंबर २०२५ च्या ४९ व्या आवृत्तीत एक्स११ सेशन बाय डिफॉल्ट बंद केलं, आणि केडीईने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या ६.८ आवृत्तीपासून फक्त वेलँड. एक्स११ हे १९८७ चं आहे, वेलँडचं काम २००८ ला सुरू झालं, त्यामुळे 'घाई केली' असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. एक्स११ साठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम वेलँडवर एक्सवेलँड नावाच्या पुलावरून चालतात. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ५५५ किंवा त्यापुढचा ड्रायव्हर बघा, त्याच्या आधी स्क्रीन लुकलुकायचा फार त्रास होता. झालं.

आता पहिला प्रश्न. इथे माझी जुनी ठसठस आहे.

मी हिशेबाच्या खात्यातला माणूस, सी प्लस प्लसची फाइल उघडली की मला झोप येते. माझा एक कॉलेजपासूनचा मित्र आहे, तो रोज कोड लिहून पोट भरतो, आणि त्याचं ठाम मत आहे की ज्याने पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, पाठवला नाही तो नुसता युजर, काँट्रिब्युटर नाही. हे तो चारचौघांत हसत हसत सांगतो. ते हसणंच जास्त लागतं.

झालं असं, की माझ्याकडे दोन मॉनिटर आहेत, एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी घेतलेले. मशीन झोपेतून उठलं की कधीकधी डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं, पॅनल भलत्याच स्क्रीनवर, वॉलपेपरची अदलाबदल, आणि कधीकधी सगळं एकदम व्यवस्थित. (डेस्कटॉप कुठला ते मुद्दाम सांगत नाही, सांगितलं की खाली तेच भांडण सुरू होईल.) मी प्रोजेक्टच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे बिघाडांच्या (बगांच्या) तक्रारींच्या साइटवर, रिपोर्ट टाकला. तो आज मला वाचवत नाही. 'मल्टिमॉनिटर पूर्ण बिघडलंय, कृपया लवकर दुरुस्त करा', बस एवढंच. त्यावर कोणीतरी सभ्यपणे विचारलं की आवृत्ती कुठली, ग्राफिक्स कार्ड कुठलं, केबल कुठली आणि नेमकं काय केल्यावर होतं. मला वाटलं हे आपल्याला टाळतायत, म्हणून मी उत्तरच दिलं नाही, आणि महिन्याभराने बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, तो रिपोर्ट बंद केला. मी दोन दिवस फणफणत होतो. चूक माझीच होती म्हणा.

मग कामाची सवय कामी आली. वहीत रकाने आखले: तारीख, मशीन किती वेळ झोपलं होतं, कुठला मॉनिटर आधी पेटला, पॅनल कुठे गेलं. जवळजवळ चार आठवडे रोज सकाळी चहाच्या आधी ती वही. २६ नोंदी झाल्या, ९ वेळा बिघाड, आणि नऊच्या नऊ वेळा उजवा मॉनिटर आधी पेटलेला. डिस्प्लेपोर्टच्या केबलवरचे बरेच मॉनिटर झोपले की कॉम्प्युटरला केबलच उपटली असं वाटतं, मग उठल्यावर कोण आधी येईल याचा नेम नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं. मी एका केबलला लाल चिकटपट्टी लावली, एकीला निळी, आणि केबलींची अदलाबदल करून बघितलं, तर बिघाड मॉनिटरच्या मागे जात नव्हता, जो आधी पेटला त्याच्या मागे जात होता.

हे सगळं लिहून रिपोर्ट पुन्हा उघडला. या वेळी डेव्हलपरने दोन्ही मॉनिटरांच्या ईडीआयडीच्या फाइली मागितल्या. मॉनिटर कॉम्प्युटरला स्वतःची ओळख सांगतो ती ही, मूळ ब्लॉक फक्त १२८ बाइटचा, त्यात सिरियल नंबरला चार बाइटची जागा. माझ्या दोन्ही फाइलींत त्या जागी शून्य, शून्य, शून्य, शून्य. फाइलींचा बाकीचा भागही अक्षरशः सारखा, एका बाइटचा फरक नाही. म्हणजे जुळ्या भावांनी दारात येऊन एकच नाव सांगावं तसा प्रकार, डेस्कटॉप बिचारा जो आधी येईल त्याला थोरला समजत होता. त्या डेव्हलपरकडे एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर नव्हतेच, त्याला हे जन्मात दिसलं नसतं.

दोन दिवसांत दुरुस्ती आली, जेमतेम वीस ओळी, मॉनिटर कुठल्या पोर्टला लावलाय त्या पोर्टचं नावसुद्धा ओळखीत धरायचं एवढंच. मित्राला कौतुकाने दाखवलं तर म्हणतो, 'यात तुझी ओळ कुठली?'

माझी ओळ त्याच्यात एकही नाही. पण त्या वीस ओळी कुठे लिहायच्या हे त्या वहीशिवाय कोणाला कळणार होतं, हे त्याने मला सांगावं. अजून सांगितलेलं नाही.

तर तुम्ही करायचं काय. केडीईत नेट ग्रॅहम या तिथल्या डेव्हलपरने जानेवारी २०२२ मध्ये १५ मिनिटांच्या बगांची मोहीम काढली होती, म्हणजे नवा माणूस पहिल्या पाव तासात ज्याला ठेचकाळतो असे बग आधी काढायचे. तसली यादी उघडा, दुसऱ्याचा एक रिपोर्ट घ्या आणि तुमच्या मशीनवर तो होतो का ते बघा. होत नसेल तर तेही लिहा, आवृत्तीसकट. 'मला पण होतंय' एवढंच लिहून पळणारे लोक माझ्या डोक्यात जातात, त्याने रिपोर्ट लांबतो आणि माहिती शून्य. स्वतःचा बग असेल तर आधी नवीन युजर अकाउंट काढून त्यात बघा, निम्मे बग तिथेच मरतात कारण ते तुमच्याच पाच वर्षांच्या जुन्या सेटिंगचे असतात. मग जुन्या आवृत्तीची लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी) लावून बघा, 'मागच्या आवृत्तीत चालत होतं, या आवृत्तीत नाही' हे एक वाक्य पन्नास पानांच्या लॉगला भारी आहे. आणि स्क्रीनवर काही विचित्र दिसलं तर स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉटमध्ये तो विचित्रपणा आला तर बहुतेक दोष डेस्कटॉपचा, नाही आला तर ड्रायव्हर किंवा केबलवर संशय घ्या. हे मला कोणी सांगितलं असतं तर माझे किती रिपोर्ट भलत्या दारात गेले नसते.

डेबियन १३ ही लिनक्स वापरत असाल तर त्यात प्लाझ्माची ६.३ ही जुनी आवृत्ती आहे, त्यावरचा बग थेट मूळ प्रोजेक्टला टाकलात तर 'नव्या आवृत्तीवर बघा' असंच उत्तर येणार, रागावू नका. मी रागावलो होतो, वर सांगितलंच.

मित्राच्या मते हे सगळं 'सपोर्टचं काम'. गेल्या महिन्यात त्याने स्वतः पहिल्यांदा रिपोर्ट टाकला, तीन ओळींचा, 'स्केलिंग (अक्षरं-चित्रं मोठी करणं) चालत नाही'. त्याच्याकडे माहिती मागितली गेली आहे. मी काही बोललो नाही.

हो, आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर आठवलं म्हणून, नोकरीसाठी हे करत असाल तर मला कल्पना नाही, माझा काही फायदा झालेला नाही. बीटा, म्हणजे अजून तपासणीत असलेली आवृत्ती, टाकायचा तर रोजच्या मशीनवर टाकू नका, मी एकदा टाकला आणि हिशेबाच्या मोसमात दोन दिवस लाइव्ह यूएसबीवर काम केलं. शिवाय वेलँडवरही अडचणी आहेतच, स्क्रीन शेअर करताना किंवा दुरून मशीन चालवताना तुमचं नेहमीचं सॉफ्टवेअर अडकतं का ते आधी तपासा, मी वर जरा जास्तच छातीठोक बोललो. आणि रिपोर्टला जर्नलचा लॉग (मशीनने ठेवलेली घडामोडींची नोंद) जोडायच्या आधी स्वतः वाचून काढा, त्यात युजरनेम असतं, मशीनचं नाव असतं, वायफायचं नाव असतं. बग ट्रॅकर सगळ्या जगाला उघडा असतो, आणि माझ्या वायफायचं नाव (ते जरा लाजिरवाणं आहे) अजूनही तिथे तसंच आहे.