पहिल्या बैठकीला बाटली आणू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

कोल्हापुरात वाइन चाखणाऱ्यांचा क्लब काढतेयस, हे वाचून बरं वाटलं. पहिल्या बैठकीला कुठली भारी बाटली आणू, असं विचारलंयस. माझं ऐकशील तर पहिल्या बैठकीला बाटलीच आणू नकोस.

चार ग्लास मांड. एकात साधं पाणी, दुसऱ्यात लिंबू पिळलेलं पाणी, तिसऱ्यात साखरेचं आणि चौथ्यात भरपूर उकळून गार केलेला कोरा चहा. लिंबानं तोंडाला पाणी सुटतं, ते आम्ल. चहानं जीभ कोरडी पडते आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात, ते टॅनिन. रेड वाइनमध्ये ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतं. मग लिंबाच्या पाण्यात सगळ्यांसमोर दोन चमचे साखर घाल आणि पुन्हा चाखायला दे. आम्ल तेवढंच असतं, पण आता ते टोचत नाही. वाइनचा तोल म्हणतात तो हाच. भाषण द्यायची गरज उरत नाही.

त्यानंतर वास. झाकलेल्या वाट्यांत घरातल्याच वस्तू ठेव आणि डोळे मिटून ओळखायला लाव. चिरलेली ढोबळी मिरची सोव्हिन्याँ ब्लां या व्हाइट वाइनमध्ये भेटते, भरडलेली काळी मिरी शिराझ या रेडमध्ये, लवंग ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनमध्ये. यात कविकल्पना काही नाही. मिरीचा वास रोटंडोन नावाच्या ज्या द्रव्यामुळे येतो ते शिराझच्या सालीतही असतं, आणि लवंगेतलं युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं. पिकला पेरू आणि मध ठेवायला विसरू नकोस, शेनिन ब्लां या व्हाइट वाइनच्या वेळी दोन्ही लागतील. बाटलीच्या मागच्या लेबलवर गूजबेरी हे विलायती फळ लिहिलेलं असतं, ते आपल्या मंडईत कुणी पाहिलेलं नाही. सभासदानं कागदावर ‘करवंद’ लिहिलं किंवा ‘गुऱ्हाळावरची काकवी’ लिहिलं तर ते जास्त खरं समज.

एवढी तयारी कशाला? आपल्याकडं तालमीपासून भिशीपर्यंत ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत चालतं. वाइनच्या टेबलावर तर हे जास्तच होतं. युरोपला जाऊन आलेला एखादा पहिला घोट घेतो, ‘भारी आहे’ म्हणतो आणि उरलेल्या बारा जणांना तीच भारी लागते. तुझं खरं काम हे थांबवायचं आहे. पुढच्या बैठकांत वाइन ओतल्यावर थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही, प्रत्येकानं पेन्सिलीनं लिहायचं. वाचून दाखवायला सुरुवात सर्वांत नव्या सभासदानं करायची. किंमत शेवटी सांगायची.

आणि बाटली झाकायची. कागदी पिशवीत घालून गळ्याशी रबर लावलं की झालं. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्यानं फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन अशाच झाकून ठेवल्या होत्या. परीक्षक फ्रेंच, आणि तरी व्हाइट व रेड दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. लेबल दिसत असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

माझा आवडता खेळ तीन ग्लासांचा. दोन ग्लासांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळी कोणती ते शोधायचं. ऐकायला सोपं आहे. पण दोन्ही वाइन शिराझच असतील, फक्त कंपन्या वेगळ्या, तर भले भले गडबडतात. मग टेबलावर जी शांतता पसरते ती मला फार आवडते (जरा दुष्टपणा आहे माझ्यात). त्यानंतर सगळे मनापासून वास घ्यायला लागतात.

हिशेब सोपा आहे. बाटली 750 मिलिलिटरची, प्रत्येकाला 50 ओतलीस तर पंधरा जणांना पुरते. एका संध्याकाळी चार वाइन बास. आधी व्हाइट, मग रेड. हलकी आधी, जड नंतर. गोड सर्वांत शेवटी. पैसे भिशीसारखे दर महिन्याला आधीच गोळा कर, बैठकीच्या दिवशी वसुली नको. थुंकायला भांडं ठेव. ‘पैसे मोजून घेतलेली वाइन थुंकायची?’ असं कुणीतरी म्हणेलच. पान खाऊन जिथं तिथं पिचकारी मारणाऱ्यांनी इथं लाजायचं कारण नाही, असं सांग. तरीही कुणी गाडी चालवत जाणार असेल तर त्याला सोबत्याच्या हवाली कर.

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यायची, हे वाक्य थंड देशातल्या खोल्यांचं आहे. एप्रिलमधल्या आपल्या खोलीत रेड नुसती अल्कोहोलचा भपकारा मारते. 16 ते 18 अंश धर. म्हणजे बाटली तासभर फ्रिजमध्ये. व्हाइट 8 ते 12. आणि दुकानातून आणलेली बाटली उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत विसरू नकोस, वाइन शिजते.

आता जेवण. तांबड्या रश्शासोबत जड रेड, हा हट्ट सगळे धरतील. एकदा करून दाखव. तिखटाची आग अल्कोहोलनं भडकते आणि टॅनिन जास्तच कडवट लागतं; रस्साही वाया, वाइनही वाया. तांबड्याला किंचित गोडसर, गार शेनिन ब्लां दे. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, काजू, खसखस असते, त्या स्निग्धपणाला कापायला आम्ल हवं, म्हणून तिथं कोरडी, म्हणजे गोड नसलेली, बुडबुड्यांची स्पार्कलिंग वाइन. सुक्या मटणाला मात्र शिराझ चालते, मसाला बेतानं असेल तर. या बैठकीला तू काही न सांगताही गर्दी होईल.

एकदा तासगावकडचा द्राक्ष बागायतदार बोलव. खाण्याची आणि बेदाण्याची द्राक्षं तो पिढ्यान्‌पिढ्या करतोय. वाइनची द्राक्षं लहान, जाड सालीची, बियांची का असतात, हे तो हातात घड धरून सांगेल. आपल्याकडं वेल थंडीत झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी, अशा दोन छाटण्या घ्याव्या लागतात. त्यामुळं फळ कोरड्या हवेत पिकतं आणि युरोपात सप्टेंबरच्या आसपास होणारी तोडणी आपल्याकडं जानेवारी ते मार्चमध्ये येते. हे कळल्याशिवाय भारतीय वाइनवर मत देणाऱ्याचं फार मनावर घेऊ नकोस.

सहल काढायची तर सगळे नाशिक म्हणतील. नाशिक बघावंच, तिथल्या सुला या कंपनीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली आणि त्यानंतर महाराष्ट्रात वाइन घराघरात माहीत झाली. पण आधी अकलूजला जा. तिथं फ्रातेल्ली या वाइन कंपनीनं इटलीतली सांजोवेसे जातीची द्राक्षं सोलापूरच्या उन्हात लावलीत. आपल्याला जवळही पडतं.

परवान्याचं हसण्यावारी नेऊ नकोस. महाराष्ट्रात दारू जवळ बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो, वाइन त्यात आलीच. सभासदांचे परवाने आधी काढून घे, एकवीसच्या आतल्या कुणाला घेऊ नकोस, आणि हॉल भाड्यानं घेणार असशील तर राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या ऑफिसात आधी जाऊन विचार. श्रावण आणि नवरात्र सोडून तारखा धर, नाहीतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील.

अकलूजला निघण्याआधी फोन करून तोडणी चालू आहे का ते विचारून घे, आणि गाडीत माझ्यासाठी पुढची सीट ठेव, मागं बसलं की मला गाडी लागते.

तुझा,
काका