ऑटोमॅटिक गाडीचं ‘लाइफटाइम’ गिअर ऑइल 88,000 किलोमीटरला बदलायचं का?

तुमची गाडी सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक. 88,000 किलोमीटर झाले, गिअर ऑइल एकदाही बदललेलं नाही. सर्व्हिस सेंटर म्हणतं, ‘लाइफटाइम आहे, हात लावू नका’, आणि होटगी रोडचा गॅरेजवाला म्हणतो, ‘मशीन लावून फ्लश करून टाकू’. माझं मत: ऑइल नक्की बदला, पण मशीनने नको. आणि सोलापुरात असाल तर हे काम सकाळीच करून घ्या. त्याचं कारण पुढे, लेव्हलच्या भागात सांगतो.

‘लाइफटाइम’चा अर्थ गाडी भंगारात जाईपर्यंत असा धरू नका. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत कडक वापरासाठी वेगळा तक्ता असतो आणि त्यात हेच ऑइल बदलण्याचं अंतर दिलेलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42-43 वर, एसी चालू ठेवून नवी पेठेत मुंगीच्या पावलांनी जायचं, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत राहायचं. कडक वापर म्हणतात तो हाच. इथे 60,000 ला पहिला बदल योग्य. तुम्हाला उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही.

एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं हे गिअर ऑइल, नुसतं वंगण नाही. गिअर त्याच्याच दाबाने पडतात, क्लच प्लेटा त्यातच भिजलेल्या असतात आणि त्यांची पकड त्यातल्या रसायनांवर ठरते, शिवाय आतली उष्णताही तेच कूलरपर्यंत वाहून नेतं. उष्णतेने ती रसायनं झिजतात. मग 50-70 च्या वेगाला हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी रंबलरवरून गेल्यासारखी थरथरते. हा कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचचा (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचा) थरकाप असू शकतो आणि वेळेत ऑइल बदललं तर तो बऱ्याचदा जातो. पण आरपीएम चढतोय आणि गाडी पुढे ओढत नाही, किंवा डी टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, असं असेल तर प्लेटा झिजलेल्या असण्याची शक्यता मोठी. तिथे नव्या ऑइलवर भरवसा ठेवू नका, आधी स्कॅनर लावून तपासणी करा.

मशीन का नको? इतक्या वर्षांचा गाळ दाबाने सुटला की तो व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांत जाऊन बसू शकतो. त्यापेक्षा साधं ‘काढा आणि भरा’ बरं. एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, कारण बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या पाइपांत राहतं. समजा गिअरबॉक्समध्ये एकूण 9 लिटर मावतं आणि ड्रेनमधून साडेतीन निघालं, तर एका वेळेत जेमतेम चाळीस टक्के नवं झालं. दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा, आणि तसंच तिसऱ्यांदा केलं की सुमारे 77 टक्क्यांपर्यंत पोचता. तेवढं पुरे.

ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचंच घ्या. टोयोटा डब्ल्यूएस, ह्युंदाई एसपी-फोर ही एकमेकांच्या जागी टाकायची ऑइलं नाहीत. रंगावर जाऊ नका, सगळं एटीएफ लाल नसतं. हे वाचणाऱ्या कोणाची सीव्हीटी (पट्टा आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर तिचं ऑइल पूर्णपणे वेगळं असतं, साधं एटीएफ टाकलं तर पट्टा आणि पुलीची वाट लागते. एएमटीचा (क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप पडणाऱ्या गाडीचा) तर गिअरबॉक्सच मॅन्युअलसारखा असतो, तिला यातलं काही लागू नाही.

आता काम. आधी भरायचा बोल्ट सैल होतोय का ते बघा, मगच ड्रेन नट काढा. ऑइल निघून गेलं आणि वरचा बोल्ट जाम निघाला, तर गाडी रॅम्पवरच अडकते. निघालेलं ऑइल खुणांच्या कॅनमध्ये मोजा आणि तेवढंच भरा. पहिल्या खेपेला चेंबर (गिअरबॉक्सखालचं ऑइलचं भांडं) उतरवा, फिल्टर आणि पॅकिंग नवीन टाका, चुंबकं पुसून घ्या. चुंबकावर काजळासारखा मऊ राखाडी लेप दिसला तर काळजी नाही, ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे चकाकते तुकडे निघाले तर तिथेच थांबा. ऑइल गुलाबी दुधासारखं निघालं तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी शिरलंय, आधी ते दुरुस्त करा. चेंबरचे बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळू देऊ नका, टॉर्क पाना लावा. जास्त आवळले की चेंबरची कड वाकते आणि गळती लागते.

आणि आता लेव्हल. या गिअरबॉक्सना सहसा डिपस्टिक नसते, खाली ओव्हरफ्लोचा, म्हणजे जास्तीचं ऑइल बाहेर पडण्याचा बोल्ट असतो. गाडी सपाट उभी, इंजिन चालू, ब्रेक दाबून पी-आर-एन-डी प्रत्येकी दोन-तीन सेकंद फिरवायचं, आणि ऑइल ठरलेल्या तापमानात असताना तो बोल्ट काढायचा. ते तापमान कुठे 35 ते 45 अंश, कुठे 50 ते 60. तुमच्या मॉडेलचं बघा आणि स्कॅनरवर वाचा. धार बारीक होऊन थेंबांवर आली की नवीन वायसर टाकून बोल्ट बंद.

मेच्या दुपारी विजापूर रोडवरून गाडी थेट रॅम्पवर घेतली तर ऑइल 80-90 अंशांवर असतं, फुगलेलं. बोल्ट काढताच भळाभळा येतं, पोरगा म्हणतो ‘जास्त होतं’, आणि ते वाहू देतो. गार झाल्यावर लेव्हल खाली जाते, पंप हवा ओढतो, प्लेटा घसरून जळतात. 35-45 वाल्या गाडीत तर सावलीत उभं राहूनही दुपारी ऑइल आधीच चाळिशीत असतं, इंजिन लावल्यावर काही मिनिटंच हातात राहतात. म्हणून गाडी रात्रीच गॅरेजला लावा आणि सकाळी सातला काम सुरू करा. उलट थंड ऑइलवर घाईने लेव्हल केली तर जास्त भरलं जातं, मग फेस होतो आणि दाब पडतो.

नंतर स्कॅनरवरून जुन्या अ‍ॅडॅप्टेशन व्हॅल्यू (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने वापरातून शिकून ठेवलेले आकडे) रिसेट करून घ्या. पहिले शे-दोनशे किलोमीटर गिअर थोडे वेगळे पडले तर घाबरू नका. तिन्ही खेपांनंतर चेंबरच्या कडेला आणि ड्रेन नटाखाली कागदाचा बोळा फिरवून ओल आहे का तेवढं बघा.