पत्रं आजीच्या ट्रंकेतली, मजकूर कुणाचा?

प्रश्न: पोर्तुगीज अमलातल्या, 1950च्या दशकातल्या गोव्यावर मी एक प्रेमकादंबरी लिहिली आहे. माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीला पेडण्याच्या एका तरुणाने लिहिलेली पत्रं आजीच्या ट्रंकेत सापडली. त्यातली नऊ मी जशीच्या तशी घेतली. कादंबरीत हा तरुण पोर्तुगीज पोलिसांचा खबऱ्या होतो, तो भाग माझ्या कल्पनेतला. नावात मी फक्त एक काना बदलला आहे. एक पत्र फेसबुकवर टाकलं, तर त्यांच्या नातवाची वकिलामार्फत नोटीस आली: बदनामी आणि कॉपीराइटचा भंग, 15 दिवसांत कादंबरी मागे घ्या. ते गृहस्थ 1983 साली वारले. काय करू?
एक लेखिका, सावंतवाडी

उत्तर: ताई, तुम्हाला धास्ती बदनामीची आहे. मला काळजी वाटते ती पत्रांची.

ट्रंक तुमची, कागदही तुमचा. मजकुरावरचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या पश्चात वारसांचा. ‘इतकी जुनी पत्रं, आता कसला कॉपीराइट’ असं सगळ्यांनाच वाटतं. मृत्यूनंतर 60 वर्षं ही मुदत हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची. तसा हिशेब केला तरी 2043 उजाडेल. पण हयातीत न छापलेल्या लेखनाची 60 वर्षं कॉपीराइट कायद्याच्या कलम 24 प्रमाणे पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. वारसांच्या परवानगीशिवाय तुम्ही फेसबुकवर टाकलेलं पत्र त्यासाठी प्रकाशन धरलं जात नाही. म्हणजे मुदत अजून सुरूच झालेली नाही. ‘तेव्हा गोवा भारतात नव्हता’ या मुद्द्यावरही विसंबू नका; भारत आणि पोर्तुगाल दोघेही बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारात आहेत.

म्हणून नऊही पत्रं काढा. दोन शब्द इकडचे तिकडे करून ठेवलीत तर उपयोग नाही. त्यातल्या घटना मात्र बिनदिक्कत वापरा. पत्रादेवीला 15 ऑगस्ट 1955 रोजी सत्याग्रहींवर झालेला गोळीबार, भारताने केलेली नाकेबंदी, सीमेपलीकडे अडकलेला प्रियकर, यावर कुणाचीच मालकी नाही. कल्पना आणि ऐतिहासिक घटनांना कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 सालीच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं आहे. पत्रं तुम्ही तुमच्या भाषेत नव्याने रचा. कादंबरीकाराला ते जड जाऊ नये.

मूळ पत्रांशिवाय कादंबरी उभीच राहत नसेल, तर लेखी परवानगी घ्या, पण एकट्या नातवाची नको. गोव्यात वारसाहक्क तिथल्या वेगळ्या कायद्याने ठरतो. इन्व्हेंटरी (वारस आणि वाटणी ठरवणारी तिथली न्यायालयीन प्रक्रिया) झाली आहे का, मृत्युपत्र होतं का, बाकीचे वारस कोण, हे नोटिशीच्या उत्तरातच विचारा. बऱ्याचदा नोटीस एकाची असते आणि हक्क पाच जणांचा.

आता बदनामी. मृत माणसाच्या अब्रूसाठी वारसांना दिवाणी भरपाई सहसा मागता येत नाही. फौजदारी बाजू मात्र उरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 प्रमाणे, तो माणूस जिवंत असता तर त्याच्या लौकिकाला बाध आला असता असा आरोप नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केला, तर तो गुन्हा ठरू शकतो. तुमचा हेतू तसा नव्हता. पण आरोप मनचा, नावात फरक एका कान्याचा, आणि आता नोटीस हातात असताना तेच छापलंत, तर हेतूचा प्रश्न अवघड होईल. गोव्याच्या मुक्तिलढ्यात ‘खबऱ्या’ म्हणजे काय शिवी होती, ते तुम्हाला मी सांगायला नको. नाव, गाव, हुद्दा सगळं बदला. ‘सत्यकथेवर आधारित’ ही ओळ उडवा. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ छापल्याने फार काही वाचत नाही. ओळखीच्या माणसाने वाचून बोट दाखवलं की झालं.

प्रकाशनापूर्वीच्या मनाईबद्दल थोडं. बदनामीच्या दाव्यात प्रकाशनावर अंतरिम मनाई सहजासहजी द्यायची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2024 सालचा निकाल आहे. कॉपीराइटच्या दाव्यात, नऊ पत्रं शब्दशः छापलेली दिसत असताना, न्यायाधीशाला इतका विचार करावा लागणार नाही.

फेसबुकवरचं पत्र आजच उतरवा, आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. नातवाला फोन करून समजूत घालायला जाऊ नका. उत्तर वकिलामार्फत आणि मुदतीत जाऊ दे: पत्रं वगळत आहोत, पात्र बदलत आहोत, बाकी आरोप अमान्य. आणि प्रकाशकाशी केलेला करार काढून वाचा. ‘कोणताही दावा उद्भवल्यास सर्व खर्च लेखकाचा’ असं कलम त्यात बहुधा असेलच. तसं असेल तर नोटिशीची प्रत प्रकाशकाला लेखी कळवा आणि सुधारित संहिता पोहोचेपर्यंत छपाई थांबवायला सांगा.