मधासाठी स्वस्त बरण्या घेताना : मुरबाड-शहापूरच्या मधपाळांच्या प्रश्नांना उत्तर

जांभूळ आणि हिरड्याच्या फुलोऱ्यानंतर सातेरी या देशी मधमाशीच्या पेट्यांतला मध काढून झाला की ठाणे जिल्ह्यातील मधपाळ दरवर्षी विचारतात त्या प्रश्नांचा आशय साधारण असा असतो : मध भरण्यासाठी काचेच्या बरण्या महाग पडतात, तर त्या स्वस्त कोठे मिळतील, प्लॅस्टिकची बरणी चालेल का, आणि घरातल्या लोणच्या-सरबताच्या जुन्या बाटल्या धुऊन वापरता येतील का?

कोठे घ्यावी यापेक्षा केवढी घ्यावी हा प्रश्न आधी सोडवावा, कारण बहुतेकांचे नुकसान तेथेच होते. मध पाण्यापेक्षा जड आहे. एक लिटर मधाचे वजन सुमारे 1.4 किलो भरते. याचा अर्थ अर्धा किलो मधाला सुमारे 360 मिलिलिटर जागा पुरते, पाव किलोला 180 आणि एक किलोला 715 च्या आसपास. व्यापारी मात्र बरणीचे माप कधी पाण्याच्या मिलिलिटरमध्ये सांगतात, तर कधी मधाच्या ग्रॅममध्ये, आणि ‘पाचशेची बरणी’ एवढेच बोलून व्यवहार झाला की फसगत ठरलेली. 500 मिलिलिटरच्या बरणीत अर्धा किलो मध घातला तर ती जेमतेम पाऊणपर्यंत भरते आणि माप कमी दिले अशी शंका ग्राहकाच्या मनात येते. तीच बरणी गळ्यापर्यंत भरून अर्ध्या किलोच्या दराने विकली तर प्रत्येक नगामागे जवळपास 200 ग्रॅम मध फुकट जातो. म्हणून घाऊक मागणी देण्यापूर्वी एक नमुना आणावा, त्यात काठोकाठ पाणी भरून त्या पाण्याचे वजन करावे आणि आलेल्या ग्रॅमला 1.4 ने गुणावे. पाणी 380 ग्रॅम भरले तर मध सुमारे 530 ग्रॅम मावेल, म्हणजे अर्धा किलो भरून झाकणाखाली थोडी मोकळी जागाही राहील.

किमतीचा हिशेबही याच काटेकोरपणे करावा. समजा, बरणी 14 रुपये आणि झाकण 4 रुपये सांगितले. त्यावर 18 टक्के जीएसटी धरल्यास 21 रुपये 24 पैसे होतात. 144 नग आणायला टेम्पोचे 300 रुपये पडले आणि वाटेत पाच फुटले, तर हाती आलेल्या प्रत्येक बरणीचा खरा खर्च 24 रुपयांच्या वर जातो. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, परंतु दोन व्यापाऱ्यांच्या दरांची तुलना करायची ती या शेवटच्या रकमेवरूनच.

मशीद बंदर भागात घाऊक दराने बरण्या आणि पॅकिंगचे साहित्य मिळते. आसनगावहून लोकलने जाऊन दोन-तीन दुकानांतून नमुने आणणे अवघड नाही. शंभरांवर बरण्या मात्र लोकलने आणण्याच्या फंदात पडू नये. काच जड असल्याने वाहतुकीचा वाटा मोठा असतो आणि दर खाली येतो तो पूर्ण खोक्यांच्या मागणीवर. त्यामुळे गावातील किंवा बचत गटातील चार-पाच जणांनी एकाच मापाची, एकाच झाकणाची बरणी ठरवून एकत्र मागणी द्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

झाकण बरणीच्याच विक्रेत्याकडून घ्यावे. व्यास मिलिमीटरमध्ये तोच असला तरी आटे वेगळे असू शकतात. मध हवेतील ओलावा शोषून घेतो आणि आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात सैल झाकणाखालचा मध पातळ होऊन आंबायला वेळ लागत नाही. मध आम्लधर्मी असल्याने पत्र्याच्या झाकणाला आतून अन्नयोग्य लेप किंवा अस्तर हवेच, नाहीतर गंज चढतो. बरण्यांपेक्षा झाकणे थोडी जास्त मागवावीत, कारण ती लवकर खराब होतात.

प्लॅस्टिक चालते, परंतु ते अन्नयोग्य पेट (PET) या प्रकारचे असावे आणि तळाशी त्रिकोणात 1 हा आकडा असावा. कुरिअरने पाठवायच्या मधासाठी ते सोयीचे आहे. मात्र मध गोठल्यावर ग्राहक बरणी गरम पाण्यात ठेवतात आणि पेट साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडून आकार सोडते. म्हणून पाणी कोमटच असावे, ही सूचना बरणीवर लिहावी. ठाणे-नवी मुंबईच्या ग्राहकाला घरपोच द्यायच्या मधासाठी मी काचच सुचवेन. कारवीचा दाट मध असेल तर रुंद तोंडाची बरणी घ्यावी.

जुन्या बाटल्या विक्रीच्या मधासाठी वापरू नयेत. लोणच्याचा वास झाकणाच्या अस्तरातून जात नाही, कडेचा बारीक टवका दिसत नाही आणि प्रत्येक बाटलीचे माप निराळे असल्याने लेबल व वजन यांचा मेळ बसत नाही. नव्या बरण्याही गरम पाण्याने धुवाव्यात, उपड्या ठेवून पूर्ण वाळवाव्यात आणि मगच भराव्यात. तळाशी राहिलेले पाणी मधाला आंबवते. मधातील ओलावा 20 टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे अन्न सुरक्षा मानक आहे आणि सातेरीचा मध त्या मर्यादेच्या जवळ असतो, तेव्हा भरण्यापूर्वी रिफ्रॅक्टोमीटर या ओलावा मोजण्याच्या उपकरणाने तो तपासून घ्यावा.

बरणी सरळ बाजूंची निवडल्यास लेबल नीट चिकटते. त्यावर निव्वळ वजन ग्रॅममध्ये, उत्पादकाचे नाव-पत्ता, भरल्याचा महिना व वर्ष, कमाल विक्री किंमत, अन्न सुरक्षा नोंदणी क्रमांक आणि हिरवे शाकाहारी चिन्ह यावे. एक वर्षाखालील बाळास मध देऊ नये, ही ओळही मी प्रत्येकाला लिहायला सांगतो.